नळातले पाणी गोठते तेव्हा

आपल्या श्रीवर्धनला समुद्रामुळे हवा उबदार असते. आपण बर्फ पाहतो तो बंदरावर, मासळीच्या पेटीत. पण महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी थंडीत कधी कधी दव गोठते. त्याला हिमदव म्हणतात. लडाखातले लेह तर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे जानेवारीत रात्री तापमान शून्याखाली १० अंशांच्याही खाली जाते आणि नळ्या गोठतात. माझे मामा सैन्यात आहेत, ते तिथे होते. त्यांना व बाईंना विचारून मी हे लिहिले आहे.

पुष्कळ पदार्थ थंडीने आकसतात. पाणी मात्र गोठताना फुगते. १०० तांबे पाण्याचा बर्फ सुमारे १०९ तांब्यांची जागा घेतो. त्यामुळे लोखंडी नळीसुद्धा फुटते! आम्ही वर्गात करून पाहिले. औषधाची प्लॅस्टिकची छोटी बाटली काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावले आणि बर्फ व खडेमीठ घातलेल्या डब्यात पुरली. मिठामुळे तो बर्फ शून्याच्याही खाली गार होतो. मधल्या सुट्टीनंतर काढली, तर बाटली टम्म फुगलेली. बाकावर ठेवली तर डुगडुगायला लागली. (काचेची घेऊ नका, फुटून हाताला लागेल.)

गोठलेल्या नळीला घाई चालत नाही. आधी तोटी उघडायची, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. मग तोटीकडून सुरुवात करून मागे मागे जायचे. मधेच तापवले तर पाणी दोन्हीकडच्या बर्फात कोंडते. गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळायचे, गार झाले की बदलायचे. उकळते पाणी ओतायचे नाही, नळी तडकते. जळता पलिता तर मुळीच नको. आग लागते, शिवाय कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन नळी उडते. आणि एक फसवे असते. नळी फुटलेली असली तरी बर्फ आहे तोवर थेंबही गळत नाही, कारण बर्फच बूच होतो. वितळल्यावर धार लागते. म्हणून पाणी बंद करायची मुख्य चावी कुठे आहे, ते घरात सगळ्यांना ठाऊक हवे.

नळी गोठू नये म्हणून ती जमिनीत खोल पुरतात. खालची माती वरच्याइतकी गार होत नाही. उघड्या नळीला गोणपाट गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधतात, कारण भिजलेले गोणपाट ऊब धरत नाही. कुणी रात्री तोटी बारीक सोडून ठेवतात, वाहते पाणी लवकर गोठत नाही. हे ऐकून आजी म्हणाली, "रात्रभर पाणी वाया? खाली बादली ठेवा की!" मामा हसले. म्हणाले, "सकाळी बादलीचाच बर्फ होतो." मग त्यांनी दुसरा उपाय सांगितला. रात्री मुख्य चावी बंद करून तोटी उघडायची आणि नळीच रिकामी करायची. तो आजीला पटला.