शेतात सापडलेलं रोमन नाणं

वसमतला माझ्या मावसभावाच्या दुकानात एक माणूस रुमालात तीन नाणी बांधून आला. औंढ्याकडे शेततळं खणताना जेसीबीच्या बकेटात आली, चांदीची रोमन आहेत, असं सांगत होता. मला नाण्यांचा नाद, म्हणून भावाने फोन केला, ‘दादा, घेऊ का?’

दुकानात जाऊन पाहिलं, तर छाप ओळखीचा होता. एका बाजूला सम्राट ऑगस्टस, डोक्यावर पानांची माळ. दुसऱ्या बाजूला त्याने दत्तक घेतलेले नातू गायस आणि लुशियस, मध्ये ढाली-भाले. गादीला वारस आहेत, हे साऱ्या साम्राज्याला कळावं म्हणून पाडलेलं हे नाणं. दोन्ही पोरं इ. स. 2 आणि 4 मध्ये आजोबांच्या हयातीतच गेली, नाणी मात्र समुद्र ओलांडून भारतात भरपूर आली.

तिन्ही शेजारी ठेवली. प्रत्येकावर सम्राटाच्या गालावर, कानाखाली, एकाच जागी तेवढाच घाव. भारतात सापडलेल्या खऱ्या रोमन नाण्यांवरही कधी छिन्नीचा घाव असतो. पण ठशाचा छाप जुळला तरी नंतरचा घाव कसा जुळेल? ही नाणी साच्यात ओतलेली होती. कडेला सांध्याची रेघ कानशीने घासलेली दिसत होती. भावाने ती परत केली.

तुमच्याकडे कोणी असं आलं, तर आधी कड बघा. मग सोनाराच्या काट्यावर तोला. ऑगस्टसचा डेनारियस, म्हणजे हे चांदीचं नाणं, साधारण पावणेचार-चार ग्रॅमचा, इ. स. 64 च्या सुमारास सम्राट नीरोने तो हलका केला. वजन जुळलं म्हणून मात्र विश्वास टाकू नका. शेतात सापडल्याचं खरं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना न कळवता ते विकता येत नाही. खोटं असेल, तर नाण्याबद्दल बोलायलाच नको.

मराठवाड्याचा रोमशी संबंध होता, हे मात्र खरं. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणसोबत तगर, म्हणजे आपलं तेर, येतं. तिथे रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकंही मिळाली आहेत. म्हणून आपल्या रानात खरंच काही निघालं, मग तो निजामाचा हाली रुपया का असेना, तर चिंचेने घासू नका. घासलं की छाप झिजतो. जागेचा फोटो काढा, मडकं असेल तर खापरांसकट ठेवा, तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.