चाळिशीनंतरची चिडचिड

भगिनींनो, चाळिशी उलटली की कित्येकींना पाळीआधी आठ-दहा दिवस जीव नकोसा होतो, लेकरांवर हात उगारला जातो. हे नखरे नव्हेत, बाहेरचेही नव्हे. बीजकोशातील संप्रेरके या वयात फार खालीवर होतात, म्हणून त्रास वाढतो.

दोन महिने कॅलेंडरवर पाळी व वाईट दिवस मांडा आणि नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. औषधाने बहुतेकींना गुण येतो.

पिशवी काढायची घाई नको. बीजकोश राहिले तर हा त्रासही राहतो. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायांच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्या, २०१९ मध्ये शासनाला चौकशी करावी लागली.

मरावेसे वाटले तर १४४१६ ला फोन करा, फुकट आहे.

आणि पाळी चुकू लागली तरी दिवस राहू शकतात. पाळी थांबून वर्ष होईपर्यंत, पन्नाशीच्या आत दोन वर्षे, साधन सोडू नका.