बुकिंगचे पैसे म्हणजे बिल्डरला दिलेले कर्ज

तुम्ही कर्जासाठी बँकेत येता तेव्हा आम्ही किती कागद मागतो! पगाराची पावती, आयकर विवरणपत्र, जागेची कागदपत्रे, कधी जामीनदारही. तुम्ही वैतागता, आणि ते साहजिक आहे. पण बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर बुक करताना तुम्ही स्वतः बिल्डरला लाखो रुपये देता. तेव्हा त्याच्याकडून काय मागता? बहुतेक वेळा एक पावती आणि एक रंगीत माहितीपत्रक. या पाठात आपण धनकोसारखा विचार करायला शिकू.

परवडणारे घर महाग कसे होते?

समजा, ३० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने घेतले आणि बँकेने पूर्ण रक्कम बिल्डरला दिली. ताबा मिळेपर्यंत तुम्ही फक्त व्याज, म्हणजे प्री-ईएमआय, भरता. ते महिन्याला २२,५०० रुपये होते. ताबा पाच वर्षे लांबला, तर १३ लाख ५० हजार रुपये जातात आणि मुद्दल ३० लाखच राहते. भाड्याच्या घराचे पैसे वेगळेच. म्हणून परवडण्याचा हिशेब किमतीबरोबर ताब्याच्या तारखेवरही अवलंबून असतो.

नोएडात काय घडले?

दिल्लीत घर परवडत नाही म्हणून हजारो नोकरदारांनी शेजारच्या नोएडा आणि ग्रेटर नोएडात घरे बुक केली. आम्रपाली समूहाच्या प्रकल्पांत ४२ हजारांहून अधिक ग्राहक अडकले. ग्राहकांचे पैसे बांधकामाऐवजी दुसरीकडे वळवल्याचे न्यायालयाने नेमलेल्या लेखापरीक्षकांना आढळले. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या पीठाने समूहाची रेरा नोंदणी रद्द केली आणि अपुरी घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले. बँकांची आणि प्राधिकरणांची थकबाकी ग्राहकांच्या घरांतून वसूल करता येणार नाही, असेही बजावले. आम्हा बँकवाल्यांसाठीही तो धडा होता.

दुसरे उदाहरण जेपी इन्फ्राटेकचे. ऑगस्ट २०१७ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनीचे पुढे काय करायचे हे ठरवणाऱ्या धनको समितीत बँकांना जागा होती. आयुष्यभराची बचत गुंतवलेल्या हजारो घरग्राहकांना मात्र नव्हती.

संघटनांनी काय मिळवले?

ग्राहक एकत्र आले, रस्त्यावर उतरले आणि सर्वोच्च न्यायालयातही गेले. जून २०१८ मध्ये वटहुकूम निघाला आणि पुढे दिवाळखोरी कायदा बदलला. घरग्राहकाला ‘वित्तीय धनको’ मानले गेले. बिल्डरांनी या दुरुस्तीला आव्हान दिले, पण ९ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायालयाने ती वैध ठरवली. ‘फोरम फॉर पीपल्स कलेक्टिव्ह एफर्ट्स’ या घरग्राहकांच्या संघटनेने पश्चिम बंगालच्या वेगळ्या गृहनिर्माण कायद्याविरुद्ध दाद मागितली. ४ मे २०२१ रोजी तो कायदा घटनाबाह्य ठरला आणि तिथेही केंद्राचा रेरा लागू होण्याचा मार्ग मोकळा झाला.

हा लढा सोपा नव्हता. जेपी इन्फ्राटेकसाठी नव्या कंपनीची योजना मंजूर व्हायला मार्च २०२३ उजाडला. म्हणून हक्क मिळाला तरी सावधगिरी सोडू नका.

पैसे देण्यापूर्वी पाच प्रश्न

१. रेरा नोंदणी क्रमांक कोणता? जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरे आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात महारेरा, नोएडात यूपी रेरा, गुरुग्राममध्ये हरियाणा रेरा यांच्या संकेतस्थळावर ताब्याची तारीख स्वतः पाहा.

२. प्रकल्पाचे स्वतंत्र बँक खाते कोणते? ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्यात ठेवून फक्त जमीन आणि बांधकामासाठी वापरायची असते.

३. करार कधी? नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

४. कार्पेट एरिया किती? दर त्यावरच तपासा.

५. कर्जाची रक्कम कशी सुटणार? बांधकामाच्या टप्प्यांनुसारच ती सोडावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना सांगितले आहे. ‘ताब्यापर्यंत हप्ता बिल्डर भरेल’ अशा योजनेतही कर्जदार तुम्हीच असता. बिल्डरने हप्ता थांबवला, तर नोटीस तुमच्या घरी येते आणि पत तुमची बिघडते.

ताबा लांबला तर

हप्ते रागाने थांबवू नका. आधी बँकेशी बोला. रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार तुम्ही व्याजासह पैसे परत मागू शकता, किंवा घर हवेच असेल तर विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागू शकता. ही तक्रार एकट्यालाही करता येते. दिवाळखोरीचा अर्ज मात्र एकट्याने होत नाही. २०२० पासून त्यासाठी त्याच प्रकल्पातील किमान १०० किंवा एकूण १० टक्के ग्राहक, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे, एकत्र यावे लागतात. म्हणून बुकिंग केल्यावर शेजारी कोण होणार आहेत ते लगेच शोधा, संघटना नोंदवा, पावत्या आणि पत्रव्यवहार जपून ठेवा.

सराव

तुमच्या मनात असलेल्या एका प्रकल्पाचा रेरा क्रमांक शोधा. जाहिरातीतील ताब्याची तारीख आणि संकेतस्थळावरची तारीख शेजारी शेजारी लिहा. दोन्हींत फरक दिसला, तर धनादेश लिहिण्याआधी बिल्डरकडे लेखी खुलासा मागा. कर्ज देणाऱ्याने एवढे विचारायलाच हवे.