मृणालला पत्र

कुर्डुवाडी

चि. मृणाल हिस,


तुझी फिल्म काकू आणि मी मिळून पाहिली. चित्रं देखणी आहेत. प्लॅटफॉर्मच्या टोकाला बसलेल्या आजीवरचं उतरतीचं ऊन तू नेमकं पकडलंस. पण आजी बोलायला लागते तेव्हा मागं मालगाडी धडधडत असते, आणि चित्र तिच्या हातांवर गेलं की मालगाडी गायब. परत चेहरा आला की परत मालगाडी. काकूनं विचारलंच, "मधेच थांबली का काय ही गाडी?" मग शेवटी नावं आली. लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन, सगळीकडं तूच. खोट मला तिथं दिसली, म्हणून हा कागद घेतला.

फोनवर तू म्हणालीस की आता मोबाईलमध्येच सगळं होतं, पलटण घेऊन कोण फिरणार? अगं, आमच्या वर्कशॉपात छोट्या गाडीची वाफेची इंजिनं जाऊन डिझेल आली तेव्हाही असंच बोललं जायचं. फायरमनचं फावडं गेलं खरं, पण फ्युएल पंपाचा जाणकार लागायला लागला. तसंच सिनेमात झालेलं आहे, आणि एकदा नाही, दर वेळी.

दादासाहेब फाळक्यांचंच बघ. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा आपणच पाडायची, तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई करायच्या. शिवाय ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभं राहणं, रसायनं कालवणं आणि एवढ्या मंडळींचा स्वयंपाक. सिनेमाचे जनक म्हणून फाळक्यांचं नाव घराघरात आहे, बाईंचं किती जणांना ठाऊक? मला हा अन्याय वाटतो, पण तो विषय वेगळा. सांगायचं इतकंच की एकट्या माणसाचा म्हणून जो सिनेमा आपण सांगतो, तोही एकट्याचा नव्हता.

पुढं बोलपट आले आणि कामं आणखी वाढली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त पार्श्वगायन नव्हतं. गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोरच गात होते. मग साजिंदे कुठं बसवायचे, माईक कुठं लपवायचा, कॅमेऱ्याची घरघर कशी दाबायची, हे सगळं नव्यानं सोडवावं लागलं. हा सिनेमा काढणाऱ्या प्रभात कंपनीचे भागीदार पाच होते, ते उगाच नाही. शांतारामबापूंकडं दिग्दर्शन, फत्तेलालांकडं कलाविभाग, धायबरांकडं कॅमेरा, दामल्यांकडं ध्वनी आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांकडं पैशाचा हिशेब. ज्याच्या हातात यंत्र, त्याला कंपनीत मालकीचा वाटा. पुढं 'संत तुकाराम' दामले-फत्तेलाल या जोडीनं दिग्दर्शित केला. ध्वनीकडं पाहणारा माणूस आणि पडदे-देखावे रंगवणारा माणूस, आणि सिनेमा व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवापर्यंत पोचला. प्रभातच्या त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुण्यातच आहेस, एकदा जाऊन ये.

आता आपल्याच लाईनवर ये. केम, जेऊर ही स्टेशनं तू लहानपणापासून गाडीतून पाहतेस. नागराज मंजुळे जेऊरचे, आणि 'फँड्री'तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे केमचा, हलगी वाजवणारा पोरगा. त्या सिनेमातलं डुकराचं प्रकरण आठव. घरचे सगळे डुकराच्या मागं धावताहेत, आता धरणार, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. पळणारी माणसं जागच्या जागी उभी, आणि डुक्कर निवांत चाललंय. त्या माणसांना थांबवतो तो आवाज. ध्वनिवाल्यानं तो कुठून, किती लांबून, केव्हा येऊ द्यायचा हे नीट ठरवलं नसतं, तर तो प्रसंग नुसती पळापळ झाला असता. 'सैराट'चंही तेच. कॅमेरा सुधाकर रेड्डी यक्कंटींचा, संकलन कुतुब इनामदारांचं, आणि अजय-अतुलनी त्याच्या संगीतासाठी वाद्यवृंद थेट अमेरिकेत जाऊन ध्वनिमुद्रित केला. गोष्ट करमाळ्याकडची, व्हायोलिनं हॉलिवूडची. मंजुळ्यांनी हे सगळं एकट्यानं करायचं म्हटलं असतं तर झालं नसतं.

तू म्हणशील, आवाज स्वच्छ करून देणारं ॲप आहे. असेल. पण ते तुझी मालगाडीच पुसून टाकेल. कुर्डुवाडीच्या स्टेशनावर बसलेल्या बाईच्या मागून गाडी काढली तर ती बाई कुठं बसलीये हेच कळायचं नाही. कुठला आवाज ठेवायचा, कुठला काढायचा, हे ठरवणारा कान ॲपला नसतो. तुलाही त्या वेळी नव्हता, कारण तुझा सगळा जीव उन्हात गुंतला होता. त्यात तुझी चूक नाही. एका माणसाला एकाच वेळी दोन्ही जमत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एक कर. तुझ्या वर्गात जो कमी बोलतो आणि नीट ऐकतो, असा कुणी तरी शोध. कॅमेरा लावायच्या आधी त्याला जागा दाखव, आणि तो म्हणाला की इथं नको, पंखा वाजतोय, तर निमूट जागा बदल. प्रत्येक ठिकाणी कुणी काही न बोलता मिनिटभर त्या जागेचा नुसता आवाज घेऊन ठेवायला सांग. संकलनाच्या वेळी हाताच्या चित्राखाली तोच पसरता येतो आणि गाडी मधेच तुटत नाही. मधून मधून तूही दुसऱ्याच्या फिल्मवर माईकचा दांडा धर. तासभर हात वर धरून उभं राहिलीस की दिग्दर्शक उगाच रीटेक का मागतो याचा राग येईल, आणि तो राग तुला पुढं उपयोगी पडेल.

भांडणं होतील. प्रभातचे भागीदारही शेवटपर्यंत एकत्र राहिले नाहीत, शांतारामबापू बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल काढलं. तेवढ्यासाठी एकटं काम करायचं ठरवू नकोस.

पैशाचं काकूशी बोललोय. नवा मोबाईल आत्ता नको. त्या पैशात एक चांगला माईक, वाऱ्याला घालायचं त्याचं फरचं टोपरं आणि बरे हेडफोन घे. कमी पडले तर कळव.

तुझा
काका