सफेतील रिकामी जागा



नाशिकरोडहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत आपण अनेकदा बसला असाल. डब्यात टाळीचा आवाज येतो. कोणी खिडकीबाहेर पाहू लागतो, कोणी मुलाला जवळ ओढून घेतो, कोणी दहाची नोट पुढे करून विषय संपवतो. टाळी वाजविणारी ती व्यक्ती पुढच्या डब्यात निघून जाते आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो.

त्या व्यक्तीलाही एक आई आहे. एखाद्या घरात तिचेही अकीका झाले असेल, मकतबमध्ये तिनेही अलिफ-बे गिरविले असेल. मग एके दिवशी त्या घराचे दार तिच्यासाठी बंद झाले. २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष या दोन्ही रकान्यांबाहेर ज्यांची नोंद झाली, त्यांची संख्या देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ होती. यांतील प्रत्येक जण कोणाच्या तरी घरी जन्मलेला आहे. म्हणून या पाठात आपण एकच प्रश्न तपासणार आहोत: असे अपत्य घराबाहेर काढण्याचा, वारशातून वगळण्याचा आणि मशिदीपासून दूर ठेवण्याचा अधिकार शरीअतने आपल्याला दिला आहे काय?

निर्मिती कोणाची?

सूरह अश्-शूरामध्ये (४२:४९-५०) अल्लाह फर्मावतो की आकाश व पृथ्वीची सत्ता त्याचीच आहे, तो इच्छील ते निर्माण करतो. कोणाला मुली, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही देतो, तर कोणाला निःसंतान ठेवतो. या आयतीच्या विवेचनात इमाम कुरतुबी (रह.) यांनी ‘खुन्सा’ या प्रकाराची चर्चा केली आहे. ज्याच्या शरीरात स्त्री व पुरुष दोघांची चिन्हे आढळतात, अथवा दोन्हींपैकी कोणतेही स्पष्ट नसते, त्याला फिकहच्या भाषेत खुन्सा म्हणतात. कोणत्याही बाजूने निर्णय होत नसेल, तर त्याला ‘खुन्सा-ए-मुश्किल’ म्हणतात. आपल्या फकीहांनी या विषयाला लज्जास्पद मानले नाही. नमाज, हज, विवाह, वारसा, कफन या प्रत्येक प्रकरणात त्यांनी खुन्साचे नियम लिहून ठेवले.

दुसरा शब्द ‘मुखन्नस’ असा आहे. ज्याचे शरीर पुरुषाचे असते, परंतु चाल, बोलणे व हावभाव स्त्रीप्रमाणे असतात, तो मुखन्नस. आज ज्यांना आपण तृतीयपंथी अथवा पारलिंगी म्हणतो, त्यांच्यात शरीराने खुन्सा असलेले थोडे आणि मनाने वेगळे असलेले पुष्कळ असतात. इमाम नववी (रह.) यांनी ‘सहीह मुस्लिम’वरील आपल्या भाष्यात मुखन्नसांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकाचा स्वभाव जन्मजात असतो. त्याने तो ओढवून घेतलेला नाही, म्हणून त्याच्यावर दोष नाही, निंदा नाही, शिक्षाही नाही. दुसरा तो, जो जाणूनबुजून सोंग घेतो. स्त्रियांची नक्कल करणाऱ्या पुरुषांचा आणि पुरुषांची नक्कल करणाऱ्या स्त्रियांचा जो निषेध हदीसमध्ये आला आहे, तो या दुसऱ्या प्रकाराला लागू होतो.

हा भेद लक्षात ठेवणे फार आवश्यक आहे. गल्लीतले पोर नाजूक बोलते म्हणून आपण त्याला जे नाव ठेवतो, त्या वेळी आपल्यापैकी किती जण हा भेद करतात? सूरह अल्-हुजुरातमध्ये (४९:११) एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट उपनावांनी हाक मारण्यास स्पष्ट मनाई आहे. तेथे कोणाचाही अपवाद केलेला नाही.

शहराबाहेर पाठविलेल्या माणसाची भूक

येथे कोणी म्हणेल की प्रेषितांनी (स.) स्वतः एका मुखन्नसाला मदीनेबाहेर पाठविले होते. हे खरे आहे. म्हणूनच तो प्रसंग पूर्ण वाचला पाहिजे.

‘सहीह बुखारी’ व ‘सहीह मुस्लिम’मध्ये येते की एक मुखन्नस प्रेषितांच्या (स.) पवित्र पत्नींच्या घरी येत-जात असे आणि त्याला कोणी हरकत घेत नसे. एकदा ह. उम्मे सलमा (रजि.) यांच्या घरी त्याने तायफच्या एका स्त्रीच्या शरीराचे वर्णन परपुरुषासमोर केले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला घरात येऊ न देण्याची आज्ञा केली. त्याच्या स्वभावाला पूर्वी हरकत नव्हती. हरकत आली ती परस्त्रीची अब्रू उघडी करण्याला. हेच कृत्य दुसऱ्या कोणी केले असते तर तेही आक्षेपार्हच ठरले असते.

‘सुनन अबू दाऊद’मधील रिवायतीत या घटनेचा पुढील भागही आहे. त्याला शहराबाहेर पाठविल्यावर लोकांनी निवेदन केले की तो उपासमारीने मरेल. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला आठवड्यातून दोनदा शहरात येऊन अन्न मागून नेण्याची परवानगी दिली. वाचकहो, येथे थोडे थांबा. ज्याच्याकडून चूक घडली, ज्याला दूर ठेवण्याचा निर्णय झाला, त्याच्याही भाकरीचा विचार झाला. आपण तर ज्याने काहीच केले नाही अशा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री घराबाहेर काढतो आणि तो कोठे जेवला हे वर्षानुवर्षे विचारत नाही. या वर्तनाला सुन्नत कसे म्हणावे?

त्याच ग्रंथात आणखी एक रिवायत आहे. तिच्या सनदीविषयी मुहद्दिसांनी चर्चा केली आहे. हातापायांना मेंदी लावलेल्या एका व्यक्तीला ठार करण्याची परवानगी लोकांनी मागितली. प्रेषितांनी (स.) ती नाकारली आणि नमाज पढणाऱ्यांना ठार मारण्यास आपल्याला मनाई असल्याचे सांगितले. म्हणजे तोही नमाजी म्हणूनच गणला गेला.

वारसा : शून्य कोणीही म्हटलेले नाही

इस्लामपूर्व अरबस्तानातील आमिर बिन जरिब या प्रसिद्ध पंचाची एक कथा इब्ने हिशाम यांच्या सीरत-ग्रंथात आली आहे. त्याच्याकडे एका खुन्साच्या वारशाचा तंटा आला. त्याला निर्णय सुचेना, रात्रभर झोप लागेना. अखेर त्याच्या दासीने सुचविले की लघवी कोणत्या मार्गाने होते ते पाहून ठरवावे. पुढे हाच निकष ह. अली (रजि.) यांच्याकडूनही नोंदला गेला आहे. अज्ञानकाळातील पंचालासुद्धा प्रश्न पडला होता तो ‘कोणता हिस्सा द्यावा’ एवढाच. ‘द्यावा की देऊ नये’ हा प्रश्न त्याला पडला नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, मालेगावातील एका यंत्रमागधारकाचे निधन झाले. मागे केवळ एक मुलगा आणि एक खुन्सा-ए-मुश्किल अपत्य असे दोनच वारस आहेत. अंत्यविधीचा खर्च व कर्ज वजा जाता बारा लाख रुपये उरले. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते अशा अपत्याला कमी असलेला, म्हणजे मुलीचा हिस्सा मिळतो, मुलाला आठ लाख, त्याला चार लाख. इमाम मुहम्मद (रह.) बारा भाग करतात, सात मुलाला, पाच त्याला, म्हणजे पाच लाख. इमाम अबू यूसुफ (रह.) सात भाग करतात, चार मुलाला, तीन त्याला, म्हणजे पाच लाखांहून थोडे अधिक. इमामांचा मतभेद चार लाख की पाच लाख असा आहे. शून्य कोणीही म्हटलेले नाही. आणि ज्याचे शरीर स्पष्टपणे मुलाचे आहे, फक्त स्वभाव वेगळा आहे, त्याचा तर मुलाचा पूर्ण हिस्सा आहे. बोलण्या-चालण्यावरून वारसा कमी होत नाही.

आपल्याकडे काही वडील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात की अमुक मुलाशी आमचा संबंध नाही, त्याला मालमत्तेतून बेदखल केले आहे. शरीअतच्या दृष्टीने वारशाबाबत अशा नोटिशीला काहीही किंमत नाही. ज्याचा वारसा मिळायचा त्याचीच हत्या करणे, धर्म भिन्न असणे, अशा ठरावीक कारणांनीच वारसाहक्क जातो. मृत्युपत्र एक-तृतीयांश मालमत्तेपुरतेच करता येते, त्यातून उरलेल्या वारसाचा हिस्सा कापता येत नाही. जिवंतपणीच सारे एका मुलाच्या नावे करून ठेवावे, अशी पळवाट काढणाऱ्याने ह. नोमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आठवावी. त्यांच्या वडिलांनी सर्व मुलांना न देता एकालाच देणगी दिली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिचे साक्षीदार होण्यास नकार दिला.

सफ आणि जनाजा

हनफी फिकहमध्ये जमातच्या सफांचा क्रम सांगितला आहे: प्रथम पुरुष, मग मुले, मग खुन्सा, मग स्त्रिया. म्हणजे मशिदीत त्यांच्या उभे राहण्याची जागा शेकडो वर्षांपूर्वीच ठरली आहे. ज्याचे शरीर पुरुषाचे आहे तो तर पुरुषांच्या सफेतच आहे. कोणत्याही हिशोबाने कोणी मशिदीबाहेर उरत नाही. खुन्साच्या मय्यतीला कोणी पुरुषाने गुसल द्यावा की स्त्रीने, हा पेच फकीहांनी तयम्मुमचा नियम सांगून सोडविला. कफन स्त्रीप्रमाणे पाच कपड्यांचे सांगितले. जनाजाची नमाज सर्वांसारखीच. ज्यांच्या कफनाचे कपडेही आपल्या इमामांनी मोजून ठेवले, त्यांच्यासाठी आपल्या कब्रस्तानात जागा नाही असे कोण म्हणू शकतो?

बांगलादेशात नोव्हेंबर २०२० मध्ये ढाका येथे हिजडा समाजासाठी एक मदरसा सुरू झाला. २०२४ मध्ये मैमनसिंगजवळ त्यांनी स्वतःची मशीद उभारली, कारण इतर मशिदींतून त्यांना हुसकावून लावले जात होते. मदरशाची वार्ता आनंदाची आहे. मशिदीची वार्ता मात्र आपल्याला लाज वाटावी अशी आहे. ज्या धर्मात राजा व गुलाम एका सफेत उभे राहतात, तेथे कोणाला सजद्यासाठी वेगळे छप्पर शोधावे लागले.

देशाचा कायदा आणि आपली जबाबदारी

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना नागरिक म्हणून समान हक्क असल्याचा निर्णय दिला. २०१९ च्या कायद्याने आईवडिलांच्या घरात राहण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आणि त्यांना घर सोडण्यास भाग पाडणे हा गुन्हा ठरविला. नाशिक विभागातीलच जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक येथे ग्रामपंचायत निवडणुकीसाठी अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा स्त्रियांच्या जागेवरील अर्ज फेटाळण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढण्याची परवानगी दिली आणि गावाने त्यांना निवडून दिले. एका खेड्यातील मतदारांनी मन मोठे केले. आपण तर स्वतःला रहमतुल्लिल आलमीन (स.) यांची उम्मत म्हणवतो.

या विषयात असेही प्रश्न आहेत ज्यांवर उलमांची मते कठोर आहेत. निरोगी शरीराचे खच्चीकरण निषिद्ध आहे, प्रेषितांनी (स.) आपल्या साथीदारांनाही ते करण्यास मनाई केली होती. जन्मजात दोषावरील वैद्यकीय उपचार मात्र वेगळे आहेत, त्यांना अनेक उलमांनी अनुमती दिली आहे. पण विचार करा, घरातून काढलेल्या मुलाला ज्या वाटेने जावे लागते, त्या वाटेवर त्याला कोणी ढकलले? गुरूच्या घराने त्याला निदान छप्पर आणि भाकर दिली. आपण दार लावून घेतले आणि नंतर त्याच्या पापांची यादी करीत बसलो. कयामतच्या दिवशी प्रत्येक पालकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, ही हदीस आपण मुलांना पाठ करून घेतो. ती प्रथम आपल्यासाठी आहे.

घरी आणि मोहल्ल्यात काय करावे?

१. अपत्य वेगळे आहे असे जाणवले, तर मारहाण व टोमणे यांऐवजी त्याला जवळ बसवून ऐकावे. शारीरिक शंका असल्यास जाणकार डॉक्टरांना दाखवावे आणि धर्मनियम समजदार आलिमांना विचारावेत.

२. कोणत्याही परिस्थितीत त्याला घराबाहेर काढू नये. त्याचे शिक्षण व मकतब थांबवू नये.

३. मालमत्तेच्या वाटणीत त्याचा हिस्सा निश्चित ठेवावा. भाऊ-बहिणींनी तो अमानत समजावा.

४. मशिदीच्या दारात अशी व्यक्ती आली, तर वेशाविषयी उपदेश करण्यापूर्वी तिच्या सलामाचे उत्तर द्यावे. नसीहतसाठी पुढे वेळ असतो. पण अपमान होऊन परतलेला माणूस पुन्हा येत नाही.

५. मोहल्ल्यात त्यांच्यापैकी कोणाचे निधन झाले, तर जनाजाला खांदा द्यावा.

पुढच्या वेळी डब्यात टाळी ऐकू आली, तर खिडकीबाहेर पाहू नका. त्या चेहऱ्याकडे पाहून सलाम करा. फकीहांनी त्यांच्यासाठी राखून ठेवलेली सफ आजही आपल्या मशिदींत रिकामी आहे, आणि तेथवर येणारी वाट आपल्या घराच्या उंबऱ्यावरून जाते.

अल्लाह आपल्या अंतःकरणात न्याय व दया उतरवो आणि ज्यांना आपण दूर केले त्यांच्याकडे क्षमा मागण्याची बुद्धी आपल्याला देवो. आमीन.