पाच रुपये कोणाचे वाचले?



घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही वाडी-वाडीतून फिरतो, तेव्हा चहाच्या निमित्ताने पुष्कळ काही ऐकायला मिळते. अशाच एका संध्याकाळी आम्ही आपल्या धर्मग्रामातील एका भगिनीच्या ओट्यावर बसलो होतो. त्या वाडीतली भाजी बाजारात नेऊन विकतात. आदल्या सांजेला अळूच्या, माठाच्या जुड्या बांधायच्या, पहाटे तीनला उठून पाटी भरायची आणि अंधारातच गाडी पकडायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "फादर, पंधराची जुडी गिऱ्हाईक दहाला मागतं, त्याचं मला काही वाटत नाही. धंदाच आहे तो. पण दहाला घेऊन वर प्लास्टिकची पिशवी मागतं. दिली तर दंड मला, नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर."

त्यांचे हे बोलणे आमच्या मनातून जाईना. म्हणून या रविवारी अभ्यासासाठी आम्ही एक अगदी घरगुती विषय घेत आहोत: आपली रोजची खरेदी आणि घरातल्या आपल्या सवयी.

१. घासाघीस करणे पाप आहे का?

आपण पाच रुपये वाचवले, असे म्हणतो. पण ते पाच रुपये कुठून तरी आले. दिवसभरात चाळीस गिऱ्हाइकांनी प्रत्येकी पाच रुपये कमी केले, तर संध्याकाळी त्या पाटीवालीच्या कनवटीला दोनशे रुपये कमी असतात. रोज पाच रुपये वाचवणाऱ्या घरात महिन्याला दीडशे रुपये उरतात. तेवढ्यात मोबाईलचे महिन्याचे रिचार्जही धड होत नाही. दोन घरांत त्याच रकमेचे वजन किती वेगळे आहे, हे आपण सहसा पाहत नाही.

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात खरेदी-विक्रीवर एक स्वतंत्र प्रश्न चर्चिला आहे. विक्रेत्याने योग्य किमतीपेक्षा जास्त घेणे अन्याय्य आहे, हे तर ते सांगतातच. पण वस्तूच्या योग्य मोलापेक्षा कमी देऊन ती घेणे हाही अन्याय आहे, असे त्यांचे मत आहे. आपण आजवर लबाडी फक्त तराजूच्या पलीकडच्या बाजूला शोधत आलो. संत थॉमस अलीकडच्या बाजूलाही बोट दाखवतात. मात्र ते व्यवहारी आहेत. योग्य किंमत म्हणजे रुपया-पैशापर्यंत ठरलेला आकडा नव्हे, तो एक अंदाज असतो. थोडे इकडेतिकडे झाले तर न्याय बिघडत नाही, हेही ते मान्य करतात.

म्हणजे भाव करणे हे पाप नाही. समोरच्याची अडचण ओळखून तिचा फायदा घेणे, हा मात्र अन्याय आहे. संध्याकाळची शेवटची गाडी गाठायची आहे, उरलेली भाजी परत नेता येत नाही, हे ठाऊक असल्यामुळे आपण भाव पाडतो, तेव्हा आपण भाजीचा भाव करत नसतो, तिच्या नाइलाजाचा करत असतो. आणि हाच आपला हात वातानुकूलित दुकानात पाकिटावरची छापील किंमत निमूटपणे मोजतो. आमोस संदेष्टा आपल्या काळच्या व्यापाऱ्यांवर संतापला, कारण ते मापात मारत होते, भुसकट विकत होते आणि गरिबाच्या गरजेवर आपला नफा काढत होते. आज तो आपल्या बाजारात आला, तर फक्त विकणाऱ्यांनाच बोलेल का?

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या 'कारितास इन वेरिताते' या परिपत्रकात शिकवले, की पैसे मोजून वस्तू घेताना आपण नीतीचाही निर्णय करत असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्याच शिकवणीचा आधार घेतला आणि घरातल्या लहान सवयींपर्यंत ती आणून भिडवली.

२. किती दूरवर पाहायचे?

यावर एक प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. "फादर, शर्ट कुठे शिवला, साबण कशाचा केला, हे आम्ही कुठे शोधत बसू?" प्रश्न रास्त आहे.

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे 'राणा प्लाझा' ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवले गेले. ते कपडे परदेशातील मोठ्या दुकानांत स्वस्तात विकले जात. पुढच्याच आठवड्यात, १ मे रोजी, कष्टकरी संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, पोप फ्रान्सिस यांनी आपल्या प्रवचनात या कामगारांच्या तुटपुंज्या वेतनाचा उल्लेख करून याला गुलामगिरी म्हटले.

तो स्वस्त कपडा घेणारे गिऱ्हाईक खुनी होते का? नाही. नीतिशास्त्र येथे एक उपयोगी भेद करते. दुसऱ्याच्या वाईट कृत्यात आपला हात किती जवळून लागतो आणि किती दुरून, हे ते पाहायला सांगते. हजारो मैलांवरच्या कारखान्यातील अन्यायाशी आपला संबंध दूरचा आहे. तो शून्य नाही. जमेल तेव्हा चौकशी करावी, कपडे कमी घ्यावेत व जास्त वापरावेत. पण जबाबदारी सर्वांत जड होते ती हाताच्या अंतरावर. जिथे विकणारीचा चेहरा दिसतो, तिच्या पायांवरचा चिखल दिसतो, तिथे 'मला माहीत नव्हते' असे म्हणता येत नाही. म्हणून सुरुवात आपल्याच बाजारापासून करू या.

३. वाडी कशाने टिकते?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस टँकरने होणारा पाण्याचा उपसा आणि बांधकामांचे वाढते आक्रमण यांविरुद्ध वसईत 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील त्या मोर्च्यांत चालले. त्या लढ्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि असायलाच हवा.

पण आज वाडी विकली जाते, तेव्हा दरवेळी कोणी गुंडच दारात येतो असे नाही. पुष्कळदा हिशेब येतो. मजुरी, खत, विजेचे बिल, गाडीभाडे वजा जाता भाजीचे जे उरते, त्यावर घर चालत नाही. मुलगा म्हणतो, "आई, कशाला राबतेस?" आणि मग एके दिवशी वाडीत खांब रोवले जातात. मोर्च्यात आपण 'हरित वसई' मागितली. बाजारात मात्र तीच हिरवाई आपल्याला पाच रुपयांनी महाग वाटते. ही विसंगती आपण स्वतःशी मान्य केली पाहिजे.

आपली सुकेळीच पाहा. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, दवापासून जपायची. त्यात साखर नाही, रसायन नाही, वेष्टनही केळीच्याच वाळलेल्या पानाचे. तरी पाहुण्यांसाठी आपण परदेशी चॉकलेटचा डबा आणतो आणि सुकेळी 'महाग झाली' म्हणून परत ठेवतो. आपला सोनचाफा, मोगरा, जास्वंद पहाटे दादरच्या फुलबाजारात जातो. आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपल्याच कबरींवर प्लास्टिकची फुले असतात. येथे आम्ही स्वतःलाही वगळत नाही. सणाच्या घाईत वेदीवर कापडी व प्लास्टिकची फुले आम्हीही चालवून घेतली आहेत. वर्षभर टिकतात, हे त्याचे कारण. पण ज्यांच्या वाडीत फुले होती, ते समोरच्याच बाकावर बसले होते.

हीच गोष्ट पावसाच्या सुरुवातीला रस्त्याकडेला शेवळ, कंटोळी, टाकळा घेऊन बसणाऱ्या आदिवासी भगिनींची. ती भाजी कोणी पेरलेली नसते, म्हणून ती फुकटची नसते. रान तुडवून ती गोळा केलेली असते.

मासळीच्या बाबतीत भाव देण्याबरोबर निवड करणेही आले. आपल्या जिल्ह्यातील सातपाटीच्या मच्छीमारांनी पापलेटसाठी आवाज उठवला. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केले, आणि लहान मासळी पकडली जाऊ नये म्हणून किमान आकाराचे नियमही झाले. पण तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळते म्हणून आपण घेत राहिलो, तर नियम कागदावरच राहील. आज ते पिल्लू खाल्ले, तर उद्या वाढून अंडी कोण घालणार?

४. पिशवी कोणाची, दंड कोणाला?

आता त्या भगिनीच्या पिशवीकडे परत येऊ. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्या व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंडाची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. पथक येते ते सहसा विक्रेत्याकडे. म्हणजे घरून पिशवी न्यायचा कंटाळा आपला, आणि पाच हजारांची धास्ती दहा रुपयांची जुडी विकणारीला. शेजारप्रीतीची परीक्षा इतकी सोपी असते, की ती आपल्या लक्षातही येत नाही.

दंड सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच जुलै २०१८ च्या पावसात आपली वसई बुडाली. मिठागराच्या वस्तीत शेकडो लोक अडकले, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडल्या, कित्येक घरांत वीज नव्हती. त्याची कारणे अनेक होती: बुजवलेली बावखले, पाणथळ जागांवरचे भराव, अरुंद झालेले नाले. नाल्यात अडकलेली पिशवी हे त्यांतले लहान कारण. पण रोज आपल्या हातात असते ते तेवढेच.

फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या दारात जाते. आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे गोखिवरे येथील भोयदापाड्याच्या कचराभूमीवर जात आला आहे. तिथे आगी लागल्या, तेव्हा तो धूर शेजारच्या वस्तीतील लेकरांनी गिळला. ओला व सुका कचरा घरीच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. पण नियम नसता, तरी त्या लेकरांसाठी आपण तो वेगळा केला असता का?

५. घरात काय करता येईल?

पहिले: दाराच्या खिळ्याला कापडी पिशवी आणि मासळी-मटणासाठी स्टीलचा डबा कायम ठेवावा. जुन्या साडीच्या चार पिशव्या सहज होतात.

दुसरे: ओला कचरा वाडीत, परसात किंवा गच्चीवरच्या पिंपात जिरवावा. वाळलेली पाने आणि थोडी माती थराथराने घातली, की दोन-तीन महिन्यांत खत होते व वास येत नाही.

तिसरे: तांदूळ, भाजी धुतलेले पाणी झाडांना घालावे. घराजवळ बावखल असेल तर त्यात कचरा पडू देऊ नये. पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारी आपल्या पूर्वजांची ती टाकीच आहे.

चौथे: लग्नात, सणात जेवण मोजून करावे. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून भाकरी वाढत होती, त्यालाही तुकडा वाया गेलेला चालला नाही. पंगतीला केळीचे पान असावे. ते आपल्याच वाडीत आहे.

पाचवे: नाताळचा गोठा थर्माकोलऐवजी भाताच्या पेंढ्याचा, कागदाचा, बांबूचा करावा. बेथलेहेमच्या गोठ्यातही पेंढाच असणार.

६. ज्यांना परवडत नाही त्यांचे काय?

भाड्याच्या खोलीत राहणारी, तारखेवर जगणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांना आम्ही सांगतो: स्वस्त घेतले म्हणून मनाला टोचणी लावून घेऊ नका. कर्तव्य ऐपतीनुसार असते. तुमच्यापैकी पुष्कळ जण पिशवी धुऊन पुन्हा वापरतात, अन्न टाकत नाहीत, कपडे धाकट्याला देतात. या बाबतीत तुम्ही आम्हां इतरांचे शिक्षक आहात. हा पाठ मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांना पाच रुपये देणे जड नाही, तरी जे सवयीने मागतात.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी:

१. गेल्या आठवड्यात आपण कोणाशी भाव केला आणि कोणाशी नाही? का?

२. आपल्या समूहातील कोणती कुटुंबे भाजी, फुले, मासळी विकतात? त्यांच्याकडून आपण घेतो का?

३. येत्या सणाला वेदी, पंगत व गोठा यांत आपण कोणती एक गोष्ट बदलू?

आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. येत्या रविवारपासून वेदीवर वाडीतलीच फुले असतील, आणि त्यांचे रोख पैसे, घासाघीस न करता, त्याच दिवशी दिले जातील. कोणत्या रविवारी कोणाच्या घरून फुले घ्यावीत, हे ठरवण्यासाठी फुलबाग असलेल्या कुटुंबांनी मिस्सानंतर कार्यालयात नावे द्यावीत.

आपले धर्मगुरू