आत उतरण्याआधी



दयाळू शोमरोन्याचा दाखला (लूक १०:२५-३७) वाचला की याजक आणि लेवी यांना आपण लगेच दोषी ठरवतो. (मीही त्यांच्यातलाच, म्हणून जरा अवघडतो!) पण यरुशलेमहून यरीहोला उतरणारी ती वाट लुटारूंची होती. ते जवळच दडून बसले असतील तर?

पॅरामेडिक म्हणजे रुग्णवाहिकेबरोबर येऊन जागेवरच तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित सेवक. त्याला शिकवला जाणारा पहिला धडा ऐकून मी चमकलो होतो. जखमीकडे धावण्याआधी जागा सुरक्षित आहे का ते पाहा. म्हणजे आधी आपला जीव? शुभवर्तमान तर वेगळेच सांगते!

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडी गावात शेणाच्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा... पाच जण दगावले. उतरलेल्यांपैकी एकच वाचला. त्याच्या कमरेला दोर होता. अशा जागी साचलेला वायू दिसत नाही, पण काही क्षणांत शुद्ध हरपते. बंदिस्त जागांतील मृतांत ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात, असा इशारा अमेरिकेतील एका सरकारी संस्थेने १९८६ मध्येच दिला होता. वाकडीत माया कमी पडली नाही. दोर कमी पडला.

मात्र हाच नियम अतिरेकाने पाळला तर काय होते, तेही पाहा. २२ मे २०१७ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सभागृहाबाहेर बॉम्बस्फोट झाला. २२ जण मारले गेले. आणखी धोक्याची शंका आणि यंत्रणांमधील निरोपांचा गोंधळ यामुळे पहिली चाळीस मिनिटे जखमींजवळ एकच पॅरामेडिक होता. लोकांनी जाहिरातींचे फलक आणि कठडे यांवरून जखमींना बाहेर नेले. पुढे आणखी दोघेच आत गेले.

धैर्य हे भित्रेपणा आणि अविचार यांच्या मधोमध असते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. सेमिनरीत हे पाठ केले होते. त्याचा अर्थ त्या दोघांकडे पाहून कळला. ते 'हार्ट' या विशेष पथकाचे होते. श्वसनयंत्र लावून, दोरावरून, वाहत्या पाण्यात, जिथे इतरांना थांबवले जाते तिथे जाऊन उपचार करण्याचे शिक्षण या पॅरामेडिकना दिलेले असते.

आपल्याकडेही घरोघरी जुन्या विहिरी आणि सेप्टिक टाक्या आहेत. कोणी आत पडलेच, तर १०१ आणि १०८ ला फोन करा, वरून दोर सोडा, आणि मागोमाग उतरू पाहणाऱ्या दुसऱ्याला घट्ट धरून ठेवा.